जुनी, स्वस्त पिकअप घेऊन रस्त्यावर आणताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतमाल, दूध, किराणा, विटा-वाळू किंवा भाड्याच्या फेऱ्यांसाठी दहा-बारा वर्षं चाललेली पिकअप घेऊन ती नीट करायची असेल, तर मराठवाड्यात जे प्रश्न हमखास पडतात त्यांची ही उत्तरं आहेत. पेट्रोल आणि सीएनजीच्या गाड्या इथे धरलेल्या नाहीत, फक्त डिझेल धरलंय.

आधी काय बघायचं, इंजिन की बॉडी?

दोन्ही नंतर. आधी कागद, मग चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. इंजिन बांधता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, हौद्याला, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागाला, नवा पत्रा मारता येतो. या कामांचे मिस्त्री तालुक्याच्या गावीसुद्धा सापडतात. पण वाकलेली चेसिस पूर्वीसारखी होत नाही आणि अडकलेला कागद पैशांनीही लवकर सुटत नाही. म्हणून धूर मारणारी पण चेसिस सरळ आणि कागद स्वच्छ असलेली गाडी ही चकचकीत रंगाच्या, मधोमध वेल्डिंग असलेल्या गाडीपेक्षा चांगली. धूर दिसला की भाव पाडून मागता येतो. चेसिसचा दोष मात्र घेणाऱ्याच्याच माथी बसतो.

छोटा हत्ती, दोस्त, बोलेरो पिकअप की टाटा २०७?

रोज किती वजन आणि कुठल्या रस्त्यावर, यावर ठरवा. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसला, म्हणजे आपल्या छोटा हत्तीला, डिझेलमध्ये ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन आहे. गावातल्या फेऱ्या, दूध, भाजी, साधारण पाऊण टनाच्या आतला माल यासाठी ती गाडी ठीक. तिच्यावर दीड टन सोयाबीन घालून घाट चढवायचा, तर इंजिन वर्षभरात मान टाकतं. अशोक लेलँडच्या दोस्तचं इंजिन तीन सिलिंडरचं, कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच पाइपातून जास्त दाबाचं डिझेल देणारं आणि कॉम्प्युटरवर चालणारं. गाडी हलकी चालते, पण इंजेक्टर किंवा सेन्सर गेला तर स्कॅनर असलेलाच मिस्त्री लागतो.

बोलेरो पिकअपचं २५२३ सीसीचं इंजिन खडबडीत रस्त्याला आणि ओढीला चांगलं, आणि तिचे पार्ट कुठेही मिळतात. यातही दोन पिढ्या आहेत. जुन्या डीआय इंजिनाला साधा डिझेल पंप आणि नोझल, नंतरच्यांना कॉमन रेल. पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्याने आणि गावातच दुरुस्ती करणाऱ्याने साध्या पंपाची गाडी शोधावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. टाटा २०७ दणकट आहे, पण आता चांगल्या अवस्थेतली मिळणं अवघड झालंय.

माल किती घालता येतो ते विकणाऱ्याला विचारू नका. आरसीवर रिकामं वजन आणि एकूण वजन लिहिलेलं असतं. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा माल, आणि ड्रायव्हरचं वजनही त्यातच येतं.

गाडी बघायला सकाळीच का जायचं?

थंड इंजिन खोटं बोलत नाही. आदल्या दिवशीच सांगून ठेवा की सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी बॉनेट उघडून, छोटा हत्ती असेल तर सीट उचलून, इंजिनावर हात ठेवा. कोमट लागलं तर समजा की तुम्ही यायच्या आत गरम करून ठेवलीय. अशा वेळी परत या, दुसऱ्या दिवशी जा.

थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल किंवा ऑइलच्या बुचाला आतून दुधाळ लोणी लागलेलं असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, त्याच्या खालची पट्टी) गेलंय किंवा हेडला चीर आहे. पावसाळ्यात कमी चालणाऱ्या गाडीच्या बुचाला थोडा पांढरा थर दमटपणानेही येतो, म्हणून डिपस्टिकही ओढून बघा. तिच्यावरही तोच रंग असेल तर संशय खरा.

मग सेल्फ मारा. डिसेंबरच्या थंडीतसुद्धा हीटर प्लग धड असतील तर गाडी दोन-तीन सेकंदांत धरायला हवी. चालू झाल्यावर ऑइलचं बूच काढून भोकावर उलटं, सैल ठेवा. बूच थोडं थरथरलं तर चालेल. ते उडून पडत असेल आणि भोकातून इंजिनाच्या ठेक्याबरोबर धुराचे फुत्कार येत असतील, तर गाडी बॅक कॉम्प्रेशन मारतेय. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) संपलेत. इंजिन कामाचा खर्च धरूनच बोलणी करा.

धुराच्या रंगावरून काय कळतं?

चालू करताना थोडा पांढरा धूर आला आणि मिनिटभरात थांबला तर चिंता नाही. गरम झाल्यावरही पांढरा धूर येतोय आणि पाणी कमी होतंय, तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय : रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा). टर्बोचा संशय असेल तर इंजिन बंद करून, थंड झाल्यावर टर्बोचा हवेचा पाइप काढा आणि आतलं चक्र बोटाने हलवा. किंचित खेळ असतोच, पण पातं घराला घासत असेल तर टर्बो गेला. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आपल्याकडच्या धुळीत निम्म्या वेळा तो तुंबलेल्या एअर फिल्टरचाच असतो, म्हणून पंप-नोझलच्या खर्चाला हात घालण्याआधी फिल्टर बदलून बघा.

चेसिस कशी तपासायची? खाली सगळं काळंच दिसतं.

म्हणूनच गाडी आधी धुऊन घ्या. वॉशिंग सेंटरला खालून प्रेशर मारून घेतल्याशिवाय चेसिस बघण्यात अर्थ नाही. काळी माती पाट्यांच्या (चाकांवरच्या स्प्रिंगांच्या) खुंट्यांवर इतकी घट्ट बसते की तिच्याखाली वीतभर चीर असली तरी दिसत नाही.

चिरा हमखास तीन जागी पडतात. मागच्या पाट्याचा पुढचा खुंटा चेसिसला जिथे बसतो तिथे, केबिनच्या पाठीमागे जिथे हौदा सुरू होतो तिथे, आणि आडव्या पट्ट्या लांब पट्ट्यांना जिथे जोडल्यात त्या रिव्हेटांभोवती. या जागा तारेच्या ब्रशने घासा, डिझेल लावून पाच-दहा मिनिटं मुरू द्या, फडक्याने कोरड्या पुसा आणि वर खडू चोळा. चीर असेल तर आत मुरलेलं डिझेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळी रेघ उमटते. ही तपासणी खडूच्या एका कांडीत होते आणि पुढचे हजारो रुपये वाचवते.

चेसिस वाकडी आहे का, हे बघायला सपाट फरशी, ओळंबा आणि टेप लागतो. चेसिसच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या सारख्या जागा निवडा, म्हणजे पुढच्या पाट्यांचे पिन आणि मागच्या पाट्यांचे पिन. तिथून ओळंबा सोडून फरशीवर खुणा करा. गाडी बाजूला घेऊन कर्ण मोजा. दोन कर्णांत बोटाच्या जाडीएवढा फरक असेल तर गाडी कुठेतरी जोरात ठोकलेली आहे. रस्त्यावर हीच गाडी मागून पाहिली तर खेकड्यासारखी तिरकी चालताना दिसते आणि टायर एका बाजूने खाते.

जुनी पट्टी मारलेली असली म्हणून गाडी लगेच सोडू नका, काम कसं केलंय ते बघा. पट्टीची टोकं चौकोनी, सरळ कापलेली असतील तर पुढची चीर बरोबर त्या टोकापासून निघते. चांगला वेल्डर टोकं तिरकी कापतो, चिरेच्या शेवटी बारीक भोक पाडून तिची वाढ थांबवतो, चीर व्ही आकारात घासून भरतो आणि मगच पट्टी बसवतो. वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायच्या आणि कॉमन रेल गाडी असेल तर ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, कनेक्टरही. नाहीतर चेसिसच्या कामात ईसीयू जळतो.

गाडीने आधी काय वाहिलंय, याने काही फरक पडतो का?

खूप. पाण्याची टाकी बसवून चाललेली गाडी सर्वांत जास्त झिजलेली असते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे २००० लिटरची भरलेली टाकी म्हणजे टाकीचं वजन सोडून सरळ दोन टन. शिवाय अर्धी भरलेली टाकी वळणावर हेंदकाळते, तो झटका पाटे आणि चेसिस सोसतात. टंचाईच्या वर्षांत अशा फेऱ्या मारलेल्या गाड्या नंतर स्वस्तात बाजारात येतात. हौद्याच्या तळाला टाकीचे गोल गंजके डाग आणि चार कोपऱ्यांत साखळी बांधल्याच्या खुणा दिसल्या की ओळखा.

जनावरांच्या बाजाराला फिरलेल्या गाडीत मूत फळ्यांच्या फटीतून चेसिसवर गळतं आणि लोखंड खातं. फळी किंवा पत्रा उचलून खालच्या आडव्या पट्ट्या हातोडीने ठोका. टणटण वाजलं तर बरं, ठप्प आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर गंज आरपार गेलाय. खताच्या गोण्या वाहिलेल्या गाडीचंही तेच. मोसंबी, कापूस किंवा दुधाची गाडी तुलनेने सुखात चाललेली असते. उसाच्या बांड्या आणि वाढं ओढलेली गाडी बघताना क्लच आणि हौसिंग (मागच्या एक्सलची गिअरची पेटी) आधी तपासा. ती शेतातल्या चिखलातून निघताना झिजते.

कागदांत काय काय बघायचं?

मूळ आरसी, विमा, फिटनेस म्हणजे पासिंग, पीयूसी, टॅक्स आणि बोजा. सगळं परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीच्या नंबरवरून पडताळता येतं, विकणाऱ्याच्या झेरॉक्सवर भरवसा ठेवू नका. ई-चलानं किती थकलीत तेही बघा. ती गाडीच्या नंबरावर असतात आणि ट्रान्सफरच्या वेळी अडवतात.

आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर पूर्ण पैसे देऊ नका. फायनान्सची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्यावरच बोजा उतरतो. 'हप्ते संपलेत, एनओसी नंतर आणून देतो' या शब्दावर घेतलेल्या गाड्या वर्षानुवर्षं नावावर होत नाहीत.

मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी पासिंग लागतं. वय वाढतं तशी फी टप्प्याने वाढते आणि पंधरा वर्षांनंतर ती जड होते. आठ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण करही असतो, तो थकलाय का ते विचारा. पासिंग संपून दीड-दोन वर्षं उभी असलेली गाडी स्वस्त दिसते, पण थकलेला कर, दंड आणि पासिंगचं काम धरलं की हिशेब उलटा होतो.

नोंदणी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे सरकारमान्य सुरक्षित नंबरप्लेट बसलीय का तेही बघा.

चेसिस नंबर स्वतः वाचा, कागद ठेवून पेन्सिलने घासून त्याचा ठसा घ्या. हा ठसा ट्रान्सफरच्या फॉर्मवर लागतोच. आकडे वेगवेगळ्या उंचीचे असतील, आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्यासारखा पत्रा पातळ असेल, तर गाडी तिथेच सोडा. कितीही स्वस्त असली तरी.

नावावर करायला किती दिवस असतात?

एकाच राज्यात असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० दोघांनी भरून सह्या करून घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही घेणं किंवा देणं दोन्ही चुकीचं. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. गाडी जुन्या मालकाच्या नावावर, विमाही त्याच्याच नावावर आणि चालवणारे तुम्ही, अशा स्थितीत अपघात झाला तर दोन्ही घरं कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

बिदर किंवा तेलंगणाकडची गाडी स्वस्त मिळतेय. घ्यावी का?

उदगीर, देगलूर, किनवट या पट्ट्यात हा प्रश्न नेहमीचा. केए-३८ ची, म्हणजे बिदर पासिंगची गाडी घेता येते, पण तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, विकणाऱ्याने काढून द्यायला हवी. इकडे नव्याने नोंदणी, इथला टॅक्स आणि नवा नंबर, हे सगळं ओघाने आलं. आधी आपल्या आरटीओत टॅक्स किती बसेल ते लेखी काढा, तो गाडीच्या किमतीत मिळवा आणि मग एमएच-२४ (लातूर) किंवा एमएच-२६ (नांदेड) च्या गाडीशी तुलना करा. बहुतेक वेळा फरक उरत नाही.

दिल्लीकडच्या डिझेल गाड्यांना तिथे दहा वर्षांची मर्यादा घातली गेल्याने त्या इकडे येऊ लागल्या. त्या चालण्याने कमी झिजलेल्या असू शकतात, कागदाचं काम मात्र तितकंच लांब.

फायनान्सने ओढून आणलेल्या यार्डातल्या गाड्यांचं वेगळं. भाव चांगला असतो, पण गाडी महिनोन्महिने उन्हात उभी असते, बॅटरी मेलेली, टायर तडकलेले, आणि चालवून बघू देत नाहीत. मिस्त्री बरोबर नेल्याशिवाय बोली लावू नका.

खरेदीच्या वर दुरुस्तीला किती पैसे राखून ठेवायचे?

हातात असलेल्या रकमेचे चार भाग करा. तीन भागांत गाडी बसली पाहिजे, चौथा दुरुस्तीचा. इंजिन काम दिसत असेल तर तीन भाग करून एक पूर्ण राखून ठेवा. सगळे पैसे गाडीत घालून मग उधारीवर दुरुस्ती सुरू केली की गाडी गॅरेजच्या दारात चार महिने उभी राहते आणि तेवढा हंगाम जातो. घ्यायची वेळही बघा. सोयाबीन निघायच्या तोंडावर, दसऱ्याच्या आसपास, मालवाहू गाडीला मागणी असते. पेरण्या झाल्यावर गाड्या उभ्या असतात, तेव्हा घासाघीस करायला जागा मिळते.

गाडी घरी आणली. पहिल्या आठवड्यात काय करू?

जुन्या मालकाने काय केलं होतं ते सांगितलं तरी सगळी तेलं बदला. इंजिन ऑइल १५डब्ल्यू-४० डिझेलचं, ऑइल फिल्टरसकट. किती लिटर ते पुस्तकात बघा आणि शेवटचा पाव लिटर डिपस्टिक बघत ओता. जास्त झालेलं ऑइल फेसाळतं आणि सील फोडतं. गिअरबॉक्स आणि हौसिंगचं तेल काढताना ते स्वच्छ डब्यात घ्या आणि तळ बघा. चंदेरी भुकटी सगळ्यांतच असते, पण नखाएवढा तुकडा निघाला तर दात तुटलाय. मागच्या हौसिंगला बहुतेकांत ईपी-९० बसतं.

डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, पंख्याचा पट्टा नवा. ज्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे आणि तो कधी बदलला याची पावती नाही, तिथे तो टेन्शनरसकट आजच बदला. तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

पुढची चाकं जॅकवर उचला. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खडखडलं, तर बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे हलवून खडखडलं तर टाय रॉड. बेअरिंग उघडून रॉकेलने धुवा, नवं ग्रीस तळव्यावर घेऊन रोलरांत दाबून भरा. नट चाक फिरवत फिरवत कसा, मग थोडा मागे घ्या, इतका की चाक मोकळं फिरेल पण हलणार नाही. स्प्लिट पिन जुनी वापरू नका.

फिल्टर बदलल्यावर गाडी चालूच होत नाही.

लाइनमध्ये हवा अडकलीय. फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढायचा स्क्रू दीड आटे ढिला करा, हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड डिझेलची धार. धार चालू असतानाच स्क्रू कसा. साध्या पंपाच्या गाडीला तरीही धरत नसेल तर नोझलचे नट एकेक करून ढिले करत सेल्फ मारतात. कॉमन रेल गाडीत हे कधीही करू नका. त्या पाइपांत हजार बारपेक्षा जास्त दाब असतो, डिझेलची बारीक धार कातडीत घुसते.

रात्री उभी केली की सकाळी पुन्हा हवा धरत असेल, तर टाकीपासून फिल्टरपर्यंतचा रबरी पाइप तडकलेला आहे. बाहेर डिझेल गळताना दिसणार नाही, कारण तिथे पंप आत ओढतो आणि चिरेतून हवा जाते.

उन्हाळ्यात गाडी गरम होते. नवा रेडिएटर टाकू का?

थांबा. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो हे खरं, पण कंपनीने दिलेली यंत्रणा धड असेल तर भरलेली गाडी त्या उन्हातही मांजरसुंब्याचा घाट चढते. आपल्याकडचा खरा दोषी बोअरचं पाणी आहे. घागरीच्या आत जसा पांढरा खडखडीत थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत आणि लायनरच्या बाहेरून बसतो. हा थर उष्णता अडवतो. पाणी गरम झालेलं काट्याला दिसतं, पण थराच्या आतलं लोखंड त्याहून कितीतरी तापलेलं असतं, म्हणून काटा मधोमध असतानाही हेड वाकतं.

तपासायचा क्रम असा. पहिलं, झाकण. त्यातलं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं. नवं घेताना जुन्यावर कोरलेला आकडाच घ्या. दुसरं, पट्टा. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबावा. तिसरं, पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं. मिस्त्री काम करताना ते काढतात आणि परत बसवत नाहीत. कडं नसेल तर पंखा समोरून हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच फिरवत राहतो. चौथं, रेडिएटरच्या बाहेरच्या जाळीत अडकलेली माती, किडे आणि कापसाचा तूस. मागून पुढे पाणी मारा, पण प्रेशर कमी ठेवा, पत्र्या वाकतात.

एवढं करूनही गरम झाली तर रेडिएटर उतरवा. तांब्या-पितळेचा असेल तर रेडिएटरवाला टाकी उघडून नळ्यांत पट्टी घालून साफ करतो. अ‍ॅल्युमिनियमचा, प्लॅस्टिक टाकीचा असेल तर तसं होत नाही, तो बदलावा लागतो. त्यात अ‍ॅसिड तर मुळीच घालू नका.

नंतर भरताना तयार कूलंट भरा. तेवढं जमत नसेल तर निदान डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट मिसळा. रस्त्यात अडचणीत बोअरचं पाणी घातलंच, तर घरी आल्यावर काढून टाका. वेट लायनरच्या, म्हणजे ज्याच्या लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं अशा इंजिनात नुसतं पाणी ठेवलं तर लायनरला बाहेरून सुईच्या टोकासारखी भोकं पडतात, आणि एक दिवस पाणी सरळ ऑइलमध्ये उतरतं.

मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्या हवेला लागत नाही.

काढू देऊ नका. इंजिनाला ठरावीक तापमान लागतं. थंड चाललेलं इंजिन डिझेल जास्त खातं, ऑइल पातळ करतं आणि रिंगा लवकर झिजवतं. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बाजूची वाट बंदही करतो. तो काढला की पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परत फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. अडकलेला असेल तर नवा टाका. जुना तपासायचा तर पातेल्यात पाणी घालून, दोऱ्याला टांगून तापवा. उकळी येण्याच्या आधी तो पुरता उघडला पाहिजे.

हाफ इंजिन करू की फुल?

हाफ म्हणजे वरचं हेडचं काम, फुल म्हणजे खालच्या बोअर-क्रँकसकट सगळं. माप घेतल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, आणि माप न घेता सांगणाऱ्याकडे काम देऊ नका. हेड काढल्यावर लेथवाल्याकडून बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजून घ्या. वर रिंगेच्या जागी नखाला पायरी लागत असेल तर बोअर संपलंय. अशा बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्या तर दोन-चार महिने गाडी छान चालते आणि मग पुन्हा तोच धूर. बोअर मापात असेल आणि फक्त हेडचं काम असेल, तर हाफवर भागतं.

फुल करताना क्रँक घासला तर बेअरिंग त्याच मापाचं हवं : ०.२५ किंवा ०.५०. पेट्यांवरचे आकडे स्वतः वाचा. हेड गॅस्केटच्या कडेला खाचा किंवा भोकं असतात, ती जाडी सांगतात. पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो ते मोजून तेवढ्या जाडीचं घ्यायचं असतं. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच कसायचे. 'हाताला कळतं' हे उत्तर इथे चालत नाही. ऑइल पंप याच वेळी तपासा. नव्या इंजिनाला जुना, झिजलेला पंप ठेवला की बेअरिंग पहिल्याच हंगामात जातं.

पहिले हजार किलोमीटर निम्मा माल, एकाच वेगाने लांब पळवणं नाही, आणि पाचशेच्या आसपास ऑइल-फिल्टर पुन्हा बदलणं. टर्बो गाडी घाट चढून आल्यावर मिनिटभर नुसती चालू ठेवूनच बंद करा.

क्लच आणि गिअरचं कसं ओळखायचं?

मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरला हळूच क्लच सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक, चालतच राहिलं तर घसरतोय. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच टाका. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तीच असते. दुसरा गिअर उतरणीला ॲक्सिलरेटर सोडल्यावर निसटत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. मागून वेगाबरोबर वाढणारी कुईंई म्हणजे क्राउन-पिनियन, हौसिंगमधले गिअर. गाडी निघताना खाली 'टक्' म्हणजे शाफ्टचा क्रॉस, हे काम स्वस्तातलं आहे.

ब्रेकमध्ये कुठे काटकसर चालेल?

कुठेच नाही. चारही ड्रम, डिस्क उघडा. मागच्या व्हील सिलिंडरचं रबर उचलून आत ओलं दिसलं तर सिलिंडर नवा. तेल लागलेले ब्रेकचे लायनर घासून परत बसवू नका, ते तेल मुरलेलं असतं. ब्रेक ऑइल झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या. त्यात इंजिन ऑइल किंवा डिझेल चुकून गेलं तर सगळी रबरं फुगतात. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना लांबच्या चाकापासून सुरुवात : मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. मागच्या एक्सलवर वजनाप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी अनेक गाड्यांत तारेने बांधून ठेवलेली दिसते. ती नीट करून घ्या. नाहीतर रिकामी गाडी पावसात मागून फिरते.

जास्त माल घालता यावा म्हणून पाटे वाढवू का?

पाटा वाढवला की गाडी खाली दबत नाही, एवढंच. एक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर आणि चेसिस तेवढेच राहतात. आधी जी चीर पडली असती तीच आता लवकर पडते. मोडलेला पाटा बदला, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवे टाका, बुश बदला. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हा कसा, हे सगळेच विसरतात आणि मग एक्सल सरकतो. ओव्हरलोडला कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. एका पकडीत महिन्याचं भाडं जातं.

हौद्याला कुठला पत्रा?

लोक जाड पत्र्याच्या मागे लागतात. हिशेब करा. अडीच मीटर लांब, एक मीटर सत्तर रुंद तळ म्हणजे सव्वाचार चौरस मीटर. ३ मिलिमीटर पत्रा साधारण शंभर किलो भरतो, २ मिलिमीटरचा सदुसष्ट. फाळके आणि वरचा पिंजराही जड केला तर दोन पोत्यांचं वजन प्रत्येक फेरीला फुकट फिरतं. भाजी, धान्य, दूध यांना २ पुरतो, विटा-खडीला ३ घ्या. आडव्या पट्ट्यांचा गंज पूर्ण घासून, रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर काळा रंग. गंजावरच रंग मारला तर तो आत वाढत राहतो. जळकं ऑइल खाली फासायची पद्धत आहे. ते बुश आणि ब्रेकच्या रबरांवर जाऊ देऊ नका, रबर फुगून मऊ पडतं.

टायर आणि वायरिंग?

टायरच्या बाजूला चार आकडे असतात : ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी भरपूर पण बाजू तडकलेली असेल तर तो टायर उन्हाळ्यात फुटणारच. रबर चढवलेले टायर पुढे कधीच नाही.

बॅटरी गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या वर आणि चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान दिसली पाहिजे. हॉर्न, म्युझिक, जादा दिवे यांच्या सरळ बॅटरीवरून घेतलेल्या फ्यूज नसलेल्या वायरी आधी उपटून टाका. केबिन जळण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

परमिट आणि लायसन्स कुठलं लागतं?

आरसीवर एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. लायसन्स एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या वाहनाचं चालतं. ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

लग्नाला, यात्रेला, ऊसतोडीला हौद्यात माणसं नेली तर?

नेऊ नका. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालाबरोबर असेल तर त्याला विम्याचं संरक्षण असतं. फुकट किंवा भाड्याने हौद्यात बसवलेल्या माणसांना मालवाहू गाडीच्या विम्यात ते मिळत नाही. अपघात झाला तर भरपाई गाडीमालकाच्या घरादारावर येते. आणि हौद्यात धरायला काही नसतं. पहिल्या धडकेत माणसं बाहेर फेकली जातात, बायका-लेकरं आधी.

पासिंगला नेण्याआधी काय तयार ठेवू?

सगळे दिवे, इंडिकेटर, रिव्हर्स लाइट, हॉर्न, वायपर. मागे-पुढे आणि बाजूंना रिफ्लेक्टर टेप. हँडब्रेक चढावर धरणारा. स्टीअरिंगचा मोकळा खेळ दोन बोटांपेक्षा जास्त नको. काचेला चीर नको. गाडी खालून धुतलेली, कुठेही तेलाचा ठिपका नाही. पीयूसी त्याच आठवड्यात काढा आणि त्याआधी अर्धा तास गाडी चांगली पळवा. थंड इंजिन धूर जास्त दाखवतं.

गाडीत कायम काय ठेवायचं?

जॅक आणि त्याखाली ठेवायला जाड फळी, कारण काळ्या मातीत जॅक खाली जातो, गाडी वर येत नाही. चाकाचा पाना, पाइपसकट. पंख्याचा एक पट्टा, एक डिझेल फिल्टर, रेडिएटरचा वरचा पाइप आणि दोन क्लिपा, फ्यूज, हेडलाइटचा बल्ब, इन्सुलेशन टेप, बारीक तार. पाच लिटर डिस्टिल्ड वॉटरचा कॅन, एक लिटर इंजिन ऑइल. चाकाला लावायला लाकडाचे दोन गुटके. आणि एक वही : कुठल्या किलोमीटरला काय बदललं, कुठला पार्ट, कुठल्या मापाचा. पुढच्या वेळी रस्त्यात बंद पडली तर मिस्त्रीला फोनवर सांगायला ती वहीच उपयोगी पडते.